देवीच्या टेकडीखालची दोन राज्ये

उज्जैनच्या टावर चौकातून फ्रीगंजचा पूल ओलांडला की दहा मिनिटांत आपण देवास गेटपाशी येतो. या नावाशी आपला रोजचाच संबंध असल्याने त्याचा अर्थ आपल्या मनात सहसा येत नाही. ज्या गावाकडे वाट जाते त्या गावाचे नाव वेशीला द्यावे, ही जुनी रीत. म्हणजे एके काळी या अवंतिकानगरीतून निघणाऱ्या वाटसरूच्या दृष्टीने देवास हे एक मोठे ठिकाण होते. आज चाळीस किलोमीटरहूनही कमी असलेले हे अंतर आपण इंदूर-भोपाळकडे जाताना पार करतो, खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीला हात जोडतो आणि पुढे निघून जातो. त्या टेकडीवर देवी आहे, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु तिच्या पायथ्याशी दोनशेहून अधिक वर्षे दोन मराठी दरबार एकाच वेळी नांदले, एका इंग्रज कादंबरीकाराला तेथे आपल्या सर्वोत्तम कृतीचा शेवट सापडला, आणि क्षयाने जर्जर झालेल्या एका गायकाला तेथे नवा श्वास मिळाला, हे आपल्यापैकी कितीजणांच्या मुलांना सांगता येईल? आपल्या समाजाच्या स्मरणिकेत या टेकडीविषयी थोडे विस्ताराने लिहावे, असे म्हणूनच वाटले.

टेकडी आणि दोघी बहिणी

माळव्याचे पठार हे काळ्या बसाल्ट खडकाचे. दूरवर सपाट, काळ्याभोर मातीचे शेत आणि मधूनच उठलेली एखादी टेकडी, असे त्याचे रूप. देवासची टेकडी गावापासून सुमारे तीनशे फूट उंच आहे. सह्याद्रीच्या कड्यांपुढे ही उंची काहीच नव्हे. परंतु सपाट मुलखात तीनशे फुटांचीही सत्ता मोठी असते. कोसच्या कोस दुरून ती दिसते, आणि तिच्यावरून कोसच्या कोस दिसते.

टेकडीवर देवीची दोन मुख्य स्थाने आहेत. एक तुळजाभवानीचे, जिला लोक ‘बडी माता’ म्हणतात. दुसरे चामुंडेचे, ती ‘छोटी माता’. मूर्ती टेकडीच्या खडकातच प्रकट झालेल्या आहेत, अशी श्रद्धा आहे. दोन्ही स्थानांस जोडणारी वाट टेकडीला वळसा घालते आणि वाटेत मारुती, भैरव, कालिका अशी लहानमोठी देवळे लागतात. आपल्याकडची मराठी मंडळी ‘टेकडी’ हा शब्द फारसा वापरीत नाहीत. माळव्यात ती ‘टेकरी’च. ‘टेकरीवर जाऊन आलो’ म्हटले की कोणती टेकरी, असे कोणी विचारत नाही. देवास हे नावही ‘देवीचा वास’ यावरून आले, असे परंपरा सांगते.

या दोघी देवींविषयी एक लोककथा प्रचलित आहे. दोघी सख्ख्या बहिणी. एकदा काही कारणाने त्यांच्यात वाद झाला. रागावलेली थोरली पाताळात जाऊ लागली आणि धाकटी टेकरी सोडून निघाली. तेव्हा मारुती आणि भैरव यांनी दोघींची विनवणी केली, त्यांचा राग शांत केला, आणि त्या जशा होत्या तशाच जागच्या जागी थांबल्या. म्हणून दोन्ही देवींचे दर्शन घेऊन भैरवासही हात जोडल्यावाचून यात्रा पूर्ण होत नाही, असे भाविक मानतात. भांडण मिटविणाऱ्याचाही मान राखावा, हा त्यातील शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो. रागावलेल्या दोन बहिणी एकाच डोंगरावर राहिल्या, ही गोष्ट लक्षात ठेवून आता टेकरीच्या पायथ्याशी उतरू; कारण तेथे दोन भावांची गोष्ट सुरू होते.

थोरली पाती, धाकटी पाती

इ. स. १७२८ च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. या लढाईनंतर माळव्यातील मराठी सत्तेचा पाया खऱ्या अर्थाने घातला गेला. शिंदे उज्जैनीस, होळकर इंदूर भागात आणि पवार धार व देवास येथे स्थिरावले. आपल्या महाकालेश्वराचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभारले, तेही याच शतकाच्या पूर्वार्धात. मोडलेली देवस्थाने उभी करणे आणि नवी सत्ता स्थिर करणे ही दोन्ही कामे त्या पिढीने हातात हात घालून केली.

देवासला आलेले तुकोजीराव आणि जिवाजीराव हे सख्खे भाऊ, धारच्या पवारांचे भाऊबंद. पवार घराणे आपला संबंध माळव्याच्या परमारांशी, म्हणजे भोजराजाच्या कुळाशी जोडते. त्यामुळे माळव्यात येणे हे त्यांच्या दृष्टीने परके राज्य जिंकणे नव्हते, तर आजोळी परतण्यासारखे होते. १७२८ साली या दोघा भावांनी देवासची गादी स्थापन केली. आरंभी कारभार एकत्र होता. पुढे वाटण्या झाल्या आणि एकाच गावात दोन राज्ये उभी राहिली. थोरल्या भावाच्या वंशाची ती ‘थोरली पाती’, धाकट्याच्या वंशाची ती ‘धाकटी पाती’. ‘पाती’ म्हणजे वाटा, हिस्सा. इंग्रजी दप्तरात त्यांची नावे सीनियर आणि ज्युनियर अशी झाली.

ही वाटणी आपण समजतो तशी नदीच्या या तीराला एक आणि त्या तीराला दुसरा अशी सरळ नव्हती. परगणे, गावे, शेतेसुद्धा एकमेकांत गुंतलेली होती. प्रत्येक पातीचे क्षेत्र चारशे ते साडेचारशे चौरस मैलांच्या आसपास. खुद्द देवास शहरात दोन राजे, दोन दरबार, दोन फौजा, दोन न्यायकचेऱ्या होत्या, आणि रस्त्याची एक बाजू एका महाराजांची, तर समोरची दुसऱ्या महाराजांची. १८१८ साली इंग्रजांनी तह केला तो दोन्ही राजांशी मिळून. पुढे तोफांच्या सलामीचा मान ठरला, तोही दोघांस सारखाच, पंधरा तोफांचा. त्यात एकाही तोफेचे अंतर पडले असते तर केवढा अनर्थ ओढवला असता, याची कल्पना ज्याने मराठी कुटुंबातील वाटणीपत्र पाहिले आहे तो सहज करू शकेल!

आपण याला भाऊबंदकी म्हणून हसतो. परंतु थोडा विचार केला तर दुसरी बाजूही दिसते. हिंदुस्थानच्या इतिहासात गादीसाठी भावाने भावाचे डोळे काढल्याची उदाहरणे कमी नाहीत. देवासच्या पवारांनी गादीच दोन केल्या. रुसवेफुगवे झाले, मानपानाचे तंटे झाले, पण दोनशे वीस वर्षे दोन्ही चुली एकाच गावात पेटत राहिल्या. टेकरीवरच्या दोघी बहिणींनी घालून दिलेला कित्ताच जणू खालच्या दोघा भावांनी गिरवला. या दोन्ही घराण्यांच्या छत्र्या देवासच्या मिठ्या तलावाच्या परिसरात आहेत. मराठी धाटणीचे ते दगडी काम मुद्दाम थांबून पाहण्याजोगे आहे.

सिंहासनावर देवीची सावली

राजधानीच्या डोक्यावर देवीची टेकडी असणे, ही आपल्या देशातील एक जुनी रचना आहे. म्हैसूरच्या वडियार घराण्याची चामुंडी टेकडी, गुजरातेतील पावागडावरची कालिका आणि तिच्या पायथ्याचे चांपानेर, आणि प्रत्यक्ष शिवछत्रपतींच्या रायगडावरचे शिरकाई देवीचे मंदिर, ही त्याची ठळक उदाहरणे. या रचनेमागे केवळ भक्ती नव्हती. उंच जागेवरून शत्रूची चाहूल लागते. टेकडीच्या उतारावरचे पाणी पायथ्याच्या तळ्यांत व विहिरींत साठते. आणि नव्याने आलेल्या राज्यकर्त्याला प्रजेच्या जुन्या दैवताचा आशीर्वाद मिळाला की त्याचे राज्य परके राहत नाही. मराठी सरदारांनी माळव्यात आल्यावर येथील चामुंडेला आपले मानले, आणि तुळजापूरच्या भवानीचे नाव माळव्यातील टेकरीवर नांदू लागले. एकाच डोंगरावर माळव्याची आणि महाराष्ट्राची माता शेजारी बसली. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या सर्वांच्या जीवनाचे याहून नेमके चित्र मला तरी दुसरे आढळलेले नाही.

यातील पाण्याचा मुद्दा आजही महत्त्वाचा आहे. तलाव आणि विहिरी यांच्यावर नांदलेल्या या गावाने आधुनिक काळात त्यांच्याकडे पाठ फिरविली. काही तलाव बुजले, भूजल उपसले गेले, आणि १९९० साली देवासकरांची तहान भागविण्यासाठी आगगाडीने पाणी आणावे लागले. पुढे २००६ च्या सुमारास याच जिल्ह्यात शेततळी खणण्याची मोठी चळवळ उभी राहिली आणि तिचे देशभर कौतुक झाले. सांस्कृतिक वारसा म्हणजे केवळ देवळे आणि राजवाडे नव्हेत. उतारावरचे पाणी कोठे अडवावे याचे ज्ञान हाही वारसाच होता. तो विसरला गेला तेव्हा त्याची किंमत घागर घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांनी आणि दूषित पाण्याने आजारी पडणाऱ्या बाळांनी मोजली. बालरोगतज्ज्ञाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

गोकुळाष्टमी आणि एक कादंबरी

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचा जन्म १८८८ चा. त्यांचे शिक्षक म्हणून माल्कम डार्लिंग नावाचा तरुण इंग्रज अधिकारी देवासला आला आणि दोघांची आयुष्यभराची मैत्री जडली. १९०८ साली तुकोजीरावांचा विवाह कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांच्याशी झाला. हे सहजीवन सुखाचे झाले नाही; परंतु या संबंधातूनच पुढे एक विलक्षण घटना घडली. त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव हे प्रथम देवासचे महाराज झाले आणि १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन छत्रपती शहाजी महाराज झाले. माळव्याच्या टेकरीखाली वाढलेला राजपुत्र अंबाबाईच्या नगरीत छत्रपती झाला.

डार्लिंग यांच्यामुळे त्यांचे मित्र, कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे देवासला आले. पहिली भेट १९१२-१३ च्या हिवाळ्यातली. दुसऱ्यांदा १९२१ साली ते सुमारे सहा महिने महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून येथे राहिले. हिशेबाच्या वह्या, अर्धवट बांधलेल्या इमारती, बंद पडलेली यंत्रे, दरबारातील मानापमान यांनी ते चक्रावून गेले. परंतु त्या वर्षीच्या गोकुळाष्टमीच्या उत्सवाने त्यांना खोलवर हलविले. जुन्या राजवाड्यात अहोरात्र चाललेले भजन, अनवाणी पायांनी देवापुढे नाचणारे महाराज, मातीचे केलेले लहानसे गोकुळ आणि त्याचे विसर्जन, हे सारे त्यांनी पत्रांतून घरी कळविले. १९२४ साली त्यांची ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या ‘टेंपल’ या अखेरच्या भागातील मऊ संस्थानचा जन्मोत्सव देवासच्याच अनुभवातून उतरला आहे. त्या देवळातील गायक ज्या संताचे नाव घेऊन तल्लीन होतात, ते नाव आहे तुकारामाचे. देहूचा वाणी जागतिक इंग्रजी साहित्यात गेला तो पुण्याहून नव्हे, तर आपल्या शेजारच्या देवासहून!

फॉर्स्टर यांनी देवासची पत्रे आणि आठवणी १९५३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. पुस्तकाचे नाव ‘द हिल ऑफ देवी’, म्हणजेच ‘देवीची टेकडी’. महाराजांविषयी त्यांत अपार प्रेम आहे, पण त्यांच्या कारभारावर पांघरूण घातलेले नाही. आपणही घालू नये. तुकोजीराव भक्त होते, उदार होते, संभाषणात अत्यंत मोहक होते. परंतु राज्याचा खर्च त्यांच्या हातून सुटला. कर्ज वाढत गेले, १९३३ च्या अखेरीस ते राज्य सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीस गेले आणि १९३७ साली तेथेच त्यांचे निधन झाले. डार्लिंग यांनी १९२५ साली पंजाबातील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर ग्रंथ लिहून कीर्ती मिळविली. त्यांचाच लाडका शिष्य कर्जात बुडावा, हा दैवदुर्विलास. देवाच्या दारी नाचणारे मन आणि प्रजेचा पैसा सांभाळणारा हात एकाच ठिकाणी असतातच असे नाही, हा देवासचा धडा संस्था चालविणाऱ्या आपल्यासारख्यांनीही लक्षात ठेवावा असा आहे.

भजनाचा झरा मात्र दोन्ही पातींत वाहत होता. धाकट्या पातीचे मल्हारराव महाराज हे नाथपंथी योगी शीलनाथ महाराजांचे भक्त. शीलनाथांची धुनी देवासला आजही आहे. गायनाच्या क्षेत्रात उस्ताद रजब अली खाँ हे देवास दरबारचे भूषण. बीनकार बंदे अली खाँ यांचे ते शिष्य, आणि १९५९ साली देवासलाच ते निवर्तले. आणि मराठी कवितेचे काय? कविवर्य भा. रा. तांबे यांचा जन्म १८७३ साली ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा. शिक्षण झाशीला आणि देवासला. पुढे देवासच्या राजपुत्राचे शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. मराठी भावगीताला ज्यांनी वळण लावले त्या कवीच्या कानांवर किशोरवयात जे सूर पडले, ते या टेकरीखालचे होते.

टेकरीचा वारा की औषध?

आता ज्या प्रकरणासाठी मी मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो. ३० जानेवारी १९४८. दिल्लीत महात्माजींची हत्या झाली, त्याच दिवशी एक तरुण गायक पत्नीसह देवासला वास्तव्यास आला. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षीच देशभर गाजलेला कुमार गंधर्व. वय अवघे तेवीस. निदान फुफ्फुसाच्या क्षयाचे. माळव्याची कोरडी हवा मानवेल या आशेने ते येथे आले होते. गाणे सक्त मना होते.

आजच्या तरुण डॉक्टरांना त्या निदानाचा अर्थ कळावा म्हणून थोडे सांगणे भाग आहे. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध आपल्या देशात सहज मिळत नव्हते. संपूर्ण विश्रांती, मोकळी हवा, सकस आहार, आणि काही रुग्णांत छातीत हवा भरून आजारी फुफ्फुस मिटवून ठेवणे, एवढीच साधने. आरोग्यधामे डोंगराळ किंवा कोरड्या हवेच्या जागी असत, ती याच समजुतीने. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची प्रसिद्ध चाचणी प्रकाशित केली ती १९४८ सालीच, म्हणजे कुमारजी देवासला आले त्याच वर्षी. त्या चाचणीने आशा दाखविली, तसाच एक इशाराही दिला : एकच औषध दिले तर जंतू काही महिन्यांतच त्याला दाद देईनासा होतो. म्हणून दुसरे औषध जोडीला हवे. १९५२ साली आयसोनायझिड आले आणि क्षयाचा उपचार खऱ्या अर्थाने शक्य झाला.

कुमारजींच्या आजाराची सुमारे पाच वर्षे नेमकी या संधिकालातली. पुढे स्ट्रेप्टोमायसिन उपलब्ध झाले, त्याचा गुण आला, आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. एक फुफ्फुस कायमचे अधू राहिले. या सर्व काळात त्यांची शुश्रूषा केली ती पत्नी भानुमतीबाईंनी. त्या स्वतः गायिका. देवासला शिक्षिकेची नोकरी करून त्यांनी घरही चालविले आणि रुग्णही सांभाळला. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने १९५९ साली दाखवून दिले, की योग्य औषधे नियमित घेतली तर घरी उपचार घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, आणि घरच्या माणसांचा धोकाही त्यामुळे वाढत नाही. या निष्कर्षाने जगभरातील क्षयोपचाराची दिशा बदलली.

तेव्हा, कुमारजींना कोणी वाचविले? टेकरीच्या वाऱ्याने, देवीच्या कृपेने, की औषधाने? वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे : जंतू मारला तो औषधाने. कोरड्या हवेने क्षय बरा होत नाही. आजही कोणी रुग्ण हवापालट करून औषध सोडू लागला तर त्याला आपण बजावलेच पाहिजे. परंतु कुमारजी केवळ जिवंत राहिले नाहीत. ते नवे गवई होऊन उठले. ते काम औषधाचे नव्हते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याचा वारा ऐकला, पाखरे ऐकली, जात्यावर आणि लग्नघरात गाणाऱ्या बायका ऐकल्या, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने ऐकली. गळा बंद असल्यामुळे कान उघडला. लोकधुनांतून राग कसा जन्मतो, याचा शोध त्यांनी येथे घेतला आणि त्यांतून ‘मालवती’, ‘लगनगांधार’, ‘संजारी’ यांसारखे राग आकारास आले. ‘अनूपरागविलास’ हा त्यांचा ग्रंथ १९६५ चा. त्यांच्या गाण्यातील लहान, तीव्र, अचानक उसळणाऱ्या स्वराकृती या अधू फुफ्फुसामुळे आल्या, असा एक समज रसिकांत आहे. मला तो अपुरा वाटतो. श्वास तोकडा असलेले रुग्ण आपण शेकडो पाहतो; त्यांतला कुमार गंधर्व एकच होतो. आजाराने मर्यादा घातली असेल, पण त्या मर्यादेत काय मांडावयाचे हे बुद्धीने ठरविले.

बरे झाल्यावर ते मुंबई-पुण्याला परत जाऊ शकले असते. गेले नाहीत. टेकरीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ या घरात १२ जानेवारी १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत राहिले. १९६१ साली भानुमतीबाई गेल्या. पुढे वसुंधराताईंनी सहजीवनात आणि गाण्यातही साथ दिली. याच घरातून ‘गीत वर्षा’, ‘त्रिवेणी’, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे कार्यक्रम निघाले, आणि निघाली ‘तांबे गीत रजनी’. ज्या तांब्यांनी देवासला शिक्षण घेतले, त्यांच्या कविता देवासच्याच टेकरीखाली राहणाऱ्या, कन्नड घरात जन्मलेल्या गायकाने महाराष्ट्राला पुन्हा ऐकविल्या. वारसा याला म्हणतात. तो रक्ताने येतोच असे नाही. जो त्याचा सांभाळ करतो त्याचा तो होतो.

आपल्या हाती काय आहे?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतील जिंजी. आपल्या सर्वांची मान उंचावली. परंतु माळव्यातील मराठी वारसा असा एका यादीत मावणारा नाही. १९४८ साली दोन्ही पाती मध्य भारतात विलीन झाल्या, दरबार संपले, दरबाराबरोबर आलेली कुटुंबे नोकरीधंद्यासाठी विखुरली. टेकरी राहिली, कारण ती श्रद्धेने सांभाळली आहे. नवरात्रात तेथे रात्रंदिवस रीघ लागते, वर जाण्यासाठी आता रज्जुमार्गही आहे. धोका टेकरीला नाही. धोका आहे तो टेकरीखालच्या स्मृतीला.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा तापासाठी येत असे. सोबत त्याची आजी. बोलता बोलता कळले की माहेर देवासचे, वडिलांचे आजोबा दरबारात कारकून. ‘‘घरी एक ट्रंक भरून मोडीतले कागद होते हो डॉक्टर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘घर विकले तेव्हा कोणालाच वाचता येईनात. रद्दीवाल्याला दिले. ट्रंकेचे मात्र चांगले पैसे आले.’’ त्या हसल्या, मीही हसलो. पण ते हसू घरी येईपर्यंत टिकले नाही. त्या कागदांत कदाचित धान्याचे हिशेब असतील, कदाचित एखाद्या साथीच्या वर्षी किती मुले दगावली याची नोंद असेल. आता ते कधीच कळणार नाही. आणि दोष कोणाला द्यावा? माझ्या स्वतःच्या आजोबांच्या पत्रांचे गाठोडे माळ्यावर आहे, आणि मला मोडी येत नाही.

आपण डॉक्टर मंडळी एक गोष्ट उत्तम जाणतो : पूर्ववृत्त घेतल्यावाचून निदान होत नाही. बाळ तपासताना आपण आईला विचारतो, आजीला विचारतो, ‘याआधी घरात कोणाला असे झाले होते का?’ समाजाचेही तसेच आहे. ज्याला आपले पूर्ववृत्त ठाऊक नाही, त्याला आपल्या दुखण्याचे मूळ कळत नाही आणि आपल्या बळाचेही कळत नाही. म्हणून आपल्या संस्थेपुढे तीन साध्या सूचना ठेवतो. पहिली, वर्षातून एक रविवार सर्व कुटुंबांनी मुलांसह देवासला जावे. सकाळी टेकरी, दुपारी मिठ्या तलावाच्या छत्र्या, आणि परततांना गाडीत कुमारजींचे गाणे. (हृदयविकाराच्या रुग्णांनी पायऱ्यांचा आग्रह धरू नये, आणि नवरात्राच्या गर्दीत तान्ह्या बाळांना नेऊ नये, हे सांगणे माझे कर्तव्य!) दुसरी, घरातील मोडी कागद रद्दीत घालण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि संस्थेने मोडी वाचनाचा एक लहानसा वर्ग सुरू करावा. तिसरी, आपल्याकडे येणाऱ्या वृद्ध मराठी रुग्णांच्या आठवणी त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित कराव्यात. ऐकणे हा आपला व्यवसायच आहे. दहा मिनिटे अधिक ऐकावयाचे, इतकेच.

टेकरीवरच्या कथेत रागावून निघालेल्या दोघी बहिणींना कोणीतरी हात जोडून थांबविले, म्हणून देवासला देवी राहिली. आपल्या घरांतूनही काही गोष्टी निघून चालल्या आहेत : भाषा, कागद, गाणी, माणसांच्या आठवणी. त्यांना थांबविण्याचे काम कोणा भैरवाने येऊन करावे, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. ते काम आपलेच आहे, आणि ज्यांच्याकडून ऐकावयाचे ती माणसे आज आपल्याच दवाखान्यांत, आपल्यासमोर बसलेली आहेत.